अंधारातली फिर्याद : इझुमी क्योकाच्या भयकथांविषयी

१

काही दिवसांपूर्वी आमच्या अभ्यासवर्गात मी इझुमी क्योका या जपानी कथाकारावर बोललो. बोलणे संपल्यावर बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला असलेली एक मुलगी उठली आणि तिने सरळ विचारले, "सर, भूत नसते हे आपण वस्तीवस्तीत जाऊन सांगतो. देवऋषाच्या दारातून माणसे परत आणतो. मग भुतांच्याच गोष्टी लिहिणाऱ्या या माणसावर तुम्ही दोन तास कशासाठी घालवलेत?" मी तेव्हा काहीतरी थातुरमातुर उत्तर दिले. ते तिला पटले नाही आणि घरी येईपर्यंत मलाही पटेनासे झाले. हा लेख म्हणजे त्या मुलीला उशिरा दिलेले उत्तर आहे.

भूत मी मानत नाही. पण गोष्टीतले भूत ही वेगळी वस्तू आहे. गावात भूत कुणाला म्हणतात ते जरा आठवून पाहावे. बाळंतपणात मेली ती हडळ झाली. मुंज होऊन लग्नाआधी मेला तो मुंजा झाला. ज्याचे आयुष्य अर्ध्यावर तुटले आणि ज्याचे गाऱ्हाणे कुणी ऐकून घेतले नाही, त्याचे मेल्यावर भूत होते, असा या समजुतीमागचा साधारण नियम दिसतो. म्हणजे भूत ही कुठल्याच दप्तरात नोंदवली न गेलेली फिर्याद असते. गाव त्या फिर्यादीचे काय करते? लिंबू-नारळ देते आणि तिला शिवेबाहेर घालवते. क्योकाने तिला आत बोलावले, समोर बसवले आणि बोलू दिले. माझ्या मते त्याच्या साऱ्या लेखनाचे मर्म इथे आहे, आणि त्याची मर्यादाही इथेच आहे. या दोन्ही गोष्टी तपासण्याचा हा प्रयत्न.

क्योका मी मूळ जपानीत वाचलेला नाही. चार्ल्स शिरो इनोउये यांनी केलेल्या इंग्रजी अनुवादांचा संग्रह १९९६ साली निघाला. माझी वाट तिथून सुरू झाली. त्यामुळे ज्या भाषाशैलीसाठी जपानी वाचक त्याला मानतात, तिच्याविषयी बोलण्याचा अधिकार मला नाही. मी बोलणार आहे तो त्याच्या माणसांविषयी आणि त्यांना मिळालेल्या न्यायाविषयी.

२

क्योकाचे जन्मनाव क्योतारो. जन्म ४ नोव्हेंबर १८७३ चा, जपान समुद्राच्या बाजूला असलेल्या कानाझावा शहरातला. हे शहर कागा संस्थानाच्या माएदा घराण्याची राजधानी होते. बाप सेइजी हा धातूवर कोरीवकाम करणारा कारागीर. संस्थानिक आणि त्यांचे सामुराई यांच्या आश्रयावर अशा कारागिरांच्या पिढ्या जगल्या होत्या. १८६८ नंतर मेइजी राजवट आली, १८७१ साली संस्थाने खालसा झाली, १८७६ साली तलवार बाळगण्यावर बंदी आली. तलवारीची मूठ गेली तशी तिच्यावर नक्षी कोरणाऱ्याची भाकरीही गेली. हाताला कसब आहे पण कसबाला गिऱ्हाईक नाही, अशा घरात हा मुलगा वाढला.

आई सुझू ही जुन्या एदोतली, म्हणजे आजच्या तोक्योतली. नो नाटकात हातढोल वाजवणाऱ्या घराण्यातली ती मुलगी. माहेराहून आणलेली चित्रांची गोष्टीपुस्तके ती मुलाला दाखवी. क्योका नऊ वर्षांचा असताना, दुसऱ्या मुलीच्या जन्मानंतर लगेच ती वारली. आपल्या एखाद्या खेड्यात अशा बाईची हडळ झाली असती. मुलांना तिच्या नावाने भीती घातली गेली असती. क्योकाने आपल्या लेखनात या मेलेल्या आईचे काय केले, हे पुढे येईलच.

ओझाकी कोयो हा त्या काळचा लोकप्रिय कादंबरीकार. त्याची पुस्तके वाचून भारावलेला क्योका १८९० साली तोक्योला आला. जवळजवळ वर्षभर तो इथे तिथे राहिला. कोयोचे दार वाजवण्याचा धीर त्याला झाला नाही. १८९१ च्या ऑक्टोबरात तो अखेर भेटला आणि कोयोने त्याला घरी ठेवून घेतले. शिष्य म्हणजे काय, तर दाराशी बसणारा, आल्यागेल्याला आत नेणारा, सांगितलेले काम करणारा आणि उरलेल्या वेळात लिहिणारा पोरगा. गुरू त्याच्या हस्तलिखितांवर लाल शाईने दुरुस्त्या करी. १८९४ च्या जानेवारीत बाप वारला. क्योका कानाझावाला परतला. घरात म्हातारी आजी आणि दारिद्र्य. त्या दिवसांत किल्ल्याच्या खंदकाशी उभे राहून आत्महत्येचा विचार त्याच्या मनात आला होता. तो विचार बाजूला सारून त्याने लिहायला घेतले.

३

इथे एक गोष्ट लक्षात घ्यावी. भुताखेतांचा लेखक म्हणून ओळखला जाणारा क्योका ज्या कथांनी गाजला, त्यांत भूत नाही. १८९४-९५ मधल्या त्याच्या तीन कथा मी एकापुढे एक ठेवून वाचल्या, तेव्हा मला एक क्रम दिसला. पहिलीत न्यायालय आहे, दुसरीत पोलीस आहे, तिसरीत इस्पितळ आहे. नव्या मेइजी राज्याने माणसाच्या रक्षणासाठी उभारलेल्या या तीन संस्था. तिन्ही ठिकाणी संस्था आपल्या नियमाने चालते आणि तिन्ही ठिकाणी माणसे मरतात.

पहिली कथा 'गिकेत्सु क्योकेत्सु', नोव्हेंबर १८९४ ची. पाण्याचे खेळ करणारी एक तमासगीर बाई एका गरीब घोडागाडीवाल्याला कायदा शिकायला पैसे पुरवते. एकदा त्याच्यासाठी जमवलेले पैसे लुटले जातात आणि तिच्या हातून खून होतो. खटला उभा राहतो तेव्हा सरकारी वकिलाच्या जागी तोच गाडीवाला असतो, तिच्याच पैशांवर शिकलेला. तो कायद्याप्रमाणे वागतो. तिला फाशीची शिक्षा होते आणि तो स्वतःला संपवतो. या कथेवर 'ताकी नो शिराइतो' नावाचे नाटक वर्षानुवर्षे चालले. मिझोगुची या दिग्दर्शकाने १९३३ साली त्यावर चित्रपट काढला. प्रेक्षक प्रेमकथा म्हणून रडले. मला मात्र तिच्यातला साधा हिशेब दिसतो. तमासगिरिणीच्या घामातून कायदा शिकला गेला आणि त्या कायद्यापुढे ती आरोपी म्हणून उभी राहिली.

दुसरी कथा 'याको जुनसा', म्हणजे रात्रीचा पहारेवाला पोलीस. एप्रिल १८९५. हात्ता नावाचा हा शिपाई अत्यंत कर्तव्यदक्ष आहे. फाटक्या विजारीतून गुडघे दिसतात म्हणून तो म्हाताऱ्या रिक्षा ओढणाऱ्याला दरडावतो. कडाक्याच्या थंडीत तान्हे मूल घेऊन आडोशाला बसलेल्या भिकारणीला तो हुसकून लावतो, कारण तिथे बसणे नियमात नाही. शेवटी, ज्या म्हाताऱ्याने त्याच्या प्रेमात मोडता घातला तोच खंदकात पडतो तेव्हा पोहता येत नसूनही हात्ता उडी टाकतो आणि मरतो. लोक त्याच्या थोरवीचे गोडवे गातात. कथाकार उपरोधाने विचारतो की त्या रिक्षावाल्याशी आणि त्या भिकारणीशी तो जसा वागला, त्याचे कौतुक कुणीच कसे करत नाही? एकवीस वर्षांच्या पोराने विचारलेला हा प्रश्न आजही जुना झालेला नाही.

तिसरी 'गेकाशित्सु', शस्त्रक्रियेची खोली. तीही १८९५ चीच. एक सरदारपत्नी गुंगीचे औषध घ्यायला नकार देते, कारण गुंगीत मनातले गुपित तोंडून बाहेर पडेल. नऊ वर्षांपूर्वी बागेत केवळ एकदा पाहिलेल्या माणसावर तिचा जीव जडलेला आहे आणि आज तोच हातात शस्त्र घेऊन समोर उभा आहे. शुद्धीत असताना शस्त्रक्रिया सुरू होते. ती त्याचा हात धरून स्वतःच्या छातीत शस्त्र खुपसते. तोही त्याच दिवशी मरतो. मनातले खरे बोलण्यापेक्षा शुद्धीत चिरून घेणे तिला सोपे वाटते. लग्नाची बेडी इतकी घट्ट आहे.

समीक्षकांनी या कथांना 'विचारकथा' म्हटले, कारण त्या एकेका सामाजिक प्रश्नावर बोट ठेवतात. क्योका याच वाटेने पुढे गेला असता तर त्याचे नाव सामाजिक कथाकार म्हणून राहिले असते. तो तसा गेला नाही. काहींना हे पलायन वाटते. मला ते तसे वाटत नाही. दिवसाउजेडीच्या तिन्ही दारांवर त्याच्या माणसांनी धडका दिल्या आणि एकही दार उघडले नाही. त्यानंतर तो रात्रीकडे वळला. हा क्रम विसरून त्याच्या भुतांकडे पाहिले तर ती नुसती नवलाची चित्रे वाटतील.

४

वळणावर उभी असलेली कथा म्हणजे १८९७ ची 'केचो', विलक्षण पक्षी. ती लहान मुलाच्या तोंडून, बोलीभाषेत सांगितली आहे. क्योकाने बोलीत लिहिलेली ही पहिली कथा. मुलगा आणि त्याची आई एका पुलाशी झोपडीत राहतात आणि पूल ओलांडणाऱ्यांकडून पैसा घेऊन पोट भरतात. कधीकाळी त्यांची स्थिती चांगली होती. ती गेल्यावर लोकांनी त्या बाईला पायाखाली तुडवायचे ठेवले नाही. त्या अनुभवातून तिला एक विद्या मिळाली आहे आणि ती तिने मुलाला दिली आहे. माणूस, पशू, पक्षी, झाडे सगळे सारखेच. त्यामुळे पुलावरून रुबाबात जाणारा प्रतिष्ठित गृहस्थ मुलाला रानडुकरासारखा किंवा अळंबीसारखा दिसतो. शाळेतल्या बाई सांगतात की माणूस सर्व प्राण्यांत श्रेष्ठ. मुलगा ते ऐकून घेत नाही.

पुलाशी एक माकड बांधलेले आहे. माकडाचे खेळ करणाऱ्या एका म्हाताऱ्याने ते तिथे सोडले आहे. लोक माकडाला खायला टाकतात, पण भुकेल्या म्हाताऱ्या माणसाला कुणी काही देत नाही. जपानमध्ये माकडाचे खेळ करणे हा पिढीजात बहिष्कृत जमातींचा धंदा होता हे माहीत असलेला वाचक इथे थांबतो. क्योका जातीचा शब्द उच्चारत नाही. तो म्हातारा, ते माकड आणि टाकलेला घास एवढेच दाखवतो. पुढे मुलगा नदीत पडतो आणि वाचतो. कुणी वाचवले असे विचारल्यावर आई सांगते, पंख असलेल्या एका सुंदर बाईने. मुलगा तिला शोधत रानात फिरतो आणि शेवटी त्याला वाटते, ती बाई म्हणजे आपली आईच असावी.

बाळंतपणात गेलेल्या आईची हडळ होते, ही समजूत पोराला आईची भीती घालते. क्योकाने त्याच आईला पंख दिले. भीतीची जागा ओढीने घेतली. त्याच्या पुढच्या सगळ्या मायावी स्त्रियांची ही पहिली ठेव. वर्षभराने, १८९८ मध्ये आलेल्या 'हेबिकुई' या छोट्या लेखनात त्याने साप खाणाऱ्या भिकाऱ्यांची टोळी रंगवली. श्रीमंताने दान नाकारले की ते त्याच्या दारात बसून साप खातात आणि घरातल्यांना शिसारी आणतात. ज्याच्याजवळ काहीच नाही त्याच्याजवळ किळस हे एक हत्यार असते, हे क्योकाने ओळखले होते.

५

१९०० च्या फेब्रुवारीत 'कोया हिजिरी' प्रसिद्ध झाली. कोया पर्वताचा साधू. सव्वीस वर्षांच्या माणसाने लिहिलेली ही कथा जपानी अद्भुत साहित्याचा मानदंड समजली जाते.

तरुण भिक्षू हिदाच्या डोंगरातून निघाला आहे. चहाच्या टपरीवर तो पाणी पिताना कचरतो, कारण त्या भागात साथ पसरली आहे. तोयामाचा एक औषधविक्या फेरीवाला त्याची टर उडवतो: संन्यासी असून जिवाला भितोस! पुढे हा फेरीवाला चुकीच्या, धोक्याच्या वाटेने जातो. मनात राग असूनही भिक्षू त्याला सावध करायला मागे जातो. वाटेत साप आडवे पडलेले. मग एक जंगल, जिथे झाडांवरून जळवांचा पाऊस पडतो. या जळवांचे वर्णन वाचताना अंगावर काटा येतो. रक्ताने भरलेल्या जळवांखाली एक दिवस सारी माणसे नाहीशी होतील आणि पृथ्वीवर केवळ रक्त आणि चिखल उरेल, असा विचार भिक्षूच्या मनात येऊन जातो.

जंगलापलीकडे एकटे घर. घरात एक सुंदर स्त्री, तिचा मतिमंद आणि पांगळा तरुण नवरा आणि एक म्हातारा गडी. ती भिक्षूला नदीवर नेते आणि जळवांनी फोडलेले अंग स्वतःच्या हातांनी धुते. तिच्या स्पर्शाने वेदना जाते. बेडूक, वटवाघूळ, माकड तिला येऊन बिलगतात आणि ती त्यांना रागावून दूर करते. रात्री घराभोवती जनावरांचा गराडा पडतो आणि भिक्षू मंत्र म्हणत बसतो. सकाळी निरोप घेऊन निघतो, पण धबधब्याशी थबकतो. परत जावे, तिच्याजवळ राहावे असे त्याला वाटू लागते. तेवढ्यात घोडा विकून आलेला गडी भेटतो आणि खरी हकीकत सांगतो. वासनेने तिच्याजवळ आलेल्या पुरुषांना ती जनावर करते. काल विकायला नेलेला घोडा म्हणजे तो औषधविक्या.

तिची पूर्वकथा अधिक महत्त्वाची आहे. ती एका वैदूची मुलगी. बापाच्या हाताला यश नव्हते, पण मुलीचा हात लागला की रोग्याच्या वेदना थांबत. बापाच्या चुकीच्या शस्त्रक्रियेने एक मुलगा कायमचा पांगळा झाला. त्याला घरी पोचवायला ती डोंगरात गेली, महापूर आला, सारे गाव वाहून गेले आणि तिघेच उरले. बापाच्या चुकीचे ओझे ती तेव्हापासून वाहते आहे. हा नवरा म्हणजे ते ओझे. क्योका त्याचे वर्णन करताना निष्ठुर होतो. त्याच्या पोटाबद्दल, लोंबत्या तोंडाबद्दल लिहिताना त्याची लेखणी हात आखडत नाही, आणि हे मला खटकते. पण हाच मुलगा गाऊ लागतो तेव्हा सूर इतका निर्मळ लागतो की भिक्षूच्या डोळ्यांत पाणी येते. तो आवाज देताना लेखकाने माप कमी भरलेले नाही.

या कथेचा कणा स्पर्श आहे. बऱ्या करणाऱ्या स्पर्शाची ही कथा ज्याने लिहिली तो माणूस स्वतः स्पर्शाला विलक्षण भीत असे. रोगजंतूंच्या धास्तीने तो कच्चे काही खात नसे, साके उकळून पीत असे, पाव खाताना बोटांनी धरलेला तुकडा टाकून देत असे. 'तोफू' या शब्दात कुजण्याचे चिन्ह येते म्हणून लिहिताना तो त्या जागी दुसरेच चिन्ह घाली. विटाळ हा शब्द ज्यांच्या पाठीवर वळ उमटवून गेला आहे, त्या आपल्या वाचकाला हे वाचून चमकल्यासारखे होईल. क्योकाची भीती रोगाची होती. तिला जातीच्या विटाळाचा अर्थ चिकटवणे चुकीचे ठरेल. पण स्पर्शाला भिणाऱ्या या माणसाने कल्पनेत स्पर्शाच्या बाजूने निकाल दिला, हे नोंदवण्यासारखे आहे. त्याच्या जगात शिवल्याने कुणी बाटत नाही. ज्याच्या मनात केवळ भोगण्याची इच्छा आहे तो मात्र जनावर होतो.

६

आता त्याच्या आयुष्यातल्या सर्वांत दुखऱ्या जागेकडे येतो. क्योकाची एका गेइशाशी, म्हणजे बैठकीत गाणाऱ्या-नाचणाऱ्या कलावंतिणीशी गाठ पडली. तिचे नावही आईचेच, सुझू. दोघे एकत्र राहू लागले. १९०३ च्या एप्रिलात हे गुरूला कळले. कोयोने शिष्याला खडसावले आणि तिच्यापासून दूर व्हायला लावले. मोठमोठ्या प्रेमकथा लिहिणाऱ्या कोयोला शिष्याच्या घरात अशी बाई चालत नव्हती. क्योकाने मान खाली घातली. सहा महिन्यांनी, १९०३ च्या ऑक्टोबरात कोयो वारला आणि त्यानंतर दोघे पुन्हा एकत्र आले. ते क्योकाच्या मृत्यूपर्यंत एकत्र राहिले. १९०७ च्या 'ओन्ना केइझु' या कादंबरीत गुरूच्या हुकमाने प्रेयसीला सोडणारा शिष्य त्याने रंगवला. गुरूवरची भक्ती मात्र त्याने शेवटपर्यंत सोडली नाही.

गुरूपुढे अंगठा ठेवणाऱ्या शिष्याची गोष्ट आपल्याला नवी नाही, आणि या मान खाली घालण्याला मी निष्ठा म्हणणार नाही. ज्या घरात दाराशी बसून त्याने अक्षरे गिरवली, त्या घराचा मालक त्याच्या अंतःकरणाचाही मालक झाला होता. हे सरळ म्हणण्याचे धैर्य क्योकाला झाले नाही. तो ते म्हणाला चौदा वर्षांनी, आणि ते त्याने एका भुताच्या तोंडी घातले.

१९१७ चे 'तेन्शु मोनोगातारी' हे नाटक हिमेजीच्या किल्ल्याच्या सर्वांत वरच्या मजल्यावर घडते. तिथे तोमिहिमे नावाची मायावी राजकन्या आपल्या सख्यांसह राहते. जिवंत माणूस वर येऊ शकत नाही. पूर्वी एका सरदाराने शिकारीच्या वेळी एका स्त्रीला पकडायचा घाट घातला, तिने जीभ चावून प्राण दिला, आणि तीच ही तोमिहिमे. भूत म्हणजे न ऐकलेली फिर्याद, हे मी आरंभी म्हणालो ते इथे अक्षरशः खरे आहे. किल्लेदाराचा पांढरा ससाणा ती उचलून नेते. ससाणा हरवला म्हणून तो सांभाळणाऱ्या झुशोनोसुके या तरुण सेवकाला पोट फाडून मरण्याची शिक्षा होते आणि मग ससाणा शोधायला त्याला वर धाडले जाते.

तोमिहिमे त्याला जे विचारते ते या नाटकाचे हृदय आहे. ससाणा किल्लेदाराचा कसा? ससाण्याला त्याचे स्वतःचे जग नाही का? आणि एका पाखरासाठी माणसाने मरावे असे सांगणारा धनी, तो धनी कशाच्या जोरावर? झुशोनोसुकेजवळ उत्तर नसते. तो खाली परत जातो आणि तिथे त्याच्यावर चोरीचा आळ येतो. मग तो पुन्हा वर धावतो. ज्या जगाशी तो इमानाने वागला त्याने त्याला हाकलले आणि ज्या जगाला भूत म्हणतात त्याने त्याला जागा दिली.

शेवटी सैनिक वर येतात आणि तिथे ठेवलेल्या लाकडी सिंहाचे डोळे फोडतात. त्यासरशी दोघेही आंधळे होतात. आता अंत जवळ आला असे वाटत असताना म्हातारा मूर्तिकार येतो, छिन्नी-हातोडी काढतो आणि सिंहाचे डोळे पुन्हा कोरतो. दोघांना दृष्टी मिळते. ना देव धावून येतो, ना राजा. धावून येतो एक कारागीर. ज्याच्या बापाची छिन्नी नव्या जमान्याने निकामी ठरवली, त्या मुलाने चाळीसेक वर्षांनी ती छिन्नी जगाला डोळे देण्यासाठी रंगमंचावर आणली. क्योकाने हे नाटक रंगभूमीवर कधी पाहिले नाही. त्याचा पहिला प्रयोग १९५१ साली झाला. क्योका ७ सप्टेंबर १९३९ रोजी वारला होता.

७

आता मर्यादा. क्योकाच्या जन्माआधी दोनच वर्षे, १८७१ साली, जपानमध्ये 'एता' आणि 'हिनिन' ही अस्पृश्य जमातींची नावे कायद्याने रद्द झाली होती. नावे गेली, वस्त्या राहिल्या आणि तिरस्कार राहिला. त्या लोकांना 'नवे सामान्य जन' म्हणू लागले, म्हणजे खूण कायम. १९०६ साली शिमाझाकी तोसोनने 'हाकाई' ही कादंबरी लिहिली. तिचा नायक उशिमात्सु हा जात लपवलेला शाळामास्तर. जात कधीही सांगू नकोस ही बापाची आज्ञा तो अखेर मोडतो. या कादंबरीने जपानी साहित्यात वास्तववादाचे पर्व आणले आणि क्योका जुनाट ठरू लागला. आकुतागावा, तानिझाकी यांच्यासारख्या पुढच्या पिढीने त्याला पुन्हा वर आणले. १९२५ पासून निघालेल्या त्याच्या समग्र वाङ्मयाच्या संपादनात ते होते.

तोसोनने जे केले ते क्योकाने कधीच केले नाही. त्याने बहिष्कृताला त्याच्या नावाने हाक मारली नाही. माकडवाला आला तो निनावी आला, साप खाणारे आले ते कुतूहलाचा विषय म्हणून आले. पण तोसोनचा नायक जात सांगतो ती कशी? वर्गात पोरांपुढे गुडघे टेकून, आजवर लपवले म्हणून क्षमा मागत. आणि मग तो देश सोडून अमेरिकेतल्या टेक्ससला जायला निघतो. पुढे बहिष्कृतांच्या संघटनेकडून आक्षेप आले, १९३९ मध्ये शब्द बदललेली आवृत्ती निघाली, आणि १९५३ मध्ये मूळ पाठ पुन्हा छापला गेला. वाद शब्दांचा होता, पण माझ्या मते खरे शल्य त्या टेकलेल्या गुडघ्यांत आहे. तोसोनच्या माणसाला नाव आहे, पण कणा वाकलेला आहे. क्योकाच्या तोमिहिमेचा कणा ताठ आहे, पण ती मेलेली आहे. जिवंतपणी, ताठ मानेने, आपल्या नावानिशी बोलणारा माणूस या दोघांच्याही पुस्तकांत सापडत नाही.

तो सापडला पुस्तकाबाहेर. ३ मार्च १९२२ रोजी क्योतो येथे त्या वस्त्यांतली माणसे जमली आणि त्यांनी अखिल जपान सुइहेइशा ही समतेची संघटना स्थापन केली. ज्या नावाने त्यांना शिवी दिली जाई ते नाव त्यांनी अभिमानाने स्वतः उच्चारले. त्या दिवशी फिर्यादी स्वतःच न्यायालय बनले. 'तेन्शु मोनोगातारी' लिहून तेव्हा पाचच वर्षे झाली होती.

क्योकाच्या कथेत सकाळ होते आणि भिक्षू डोंगर उतरून जातो. ती बाई तिथेच राहते. फेरीवाला घोडा झाला, पण फेरीवाले संपले नाहीत. भुताने दिलेली शिक्षा वाचून वाचकाला समाधान वाटते. असे समाधान आपल्या हातून काम होऊ देत नाही, हा धोका खरा आहे आणि त्या मुलीच्या प्रश्नातही तोच होता. तरीही मी तिला सांगेन की क्योका वाचायला हवा. घडलेले जसेच्या तसे सांगणे हे फार मोठे काम आहे आणि आपल्या लेखकांनी ते रक्त आटवून केले आहे. पण जे अजून घडलेले नाही, ज्याला दिवसाच्या भाषेत जागा नाही, ते आधी कल्पनेतच उभे राहते. धनी धनी कशाने, हा प्रश्न १९१७ साली जपानी रंगभूमीच्या संहितेत एका भुताने विचारून ठेवला. तो दिवसाउजेडी विचारणे हे जिवंत माणसांचे काम.

आपण वस्तीत जाऊन भूत नाही म्हणून सांगतो ते सांगत राहावेच. पण तिथली म्हातारी ज्या विहिरीवर हडळ आहे म्हणते, त्या विहिरीत कोण मेली, कशाने मेली आणि तिची तक्रार कुणी दडपली, हे विचारल्याशिवाय परत फिरू नये.

त्या मुलीने माझ्याकडून 'हाकाई'चा इंग्रजी अनुवाद मागून नेला आहे. पुढच्या अभ्यासवर्गात तीच बोलणार आहे.